दावीद राजाचा शलमोनाला अखेरचा उपदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत्युशय्येवरील राजाने वारसाला केलेला उपदेश म्हटला की राजधर्म, प्रजापालन आणि ईश्वरभक्ती यांविषयीचे उदात्त बोल वाचकाला अपेक्षित असतात. इस्राएलचा राजा दावीद याने मुलगा शलमोन याला केलेल्या उपदेशाची सुरुवात तशीच होते. मात्र अर्ध्यावर तो दोन माणसांच्या जिवावर उठतो. हा उतारा प्रथमच वाचणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांपैकी नेहमीचे येथे घेतले आहेत. व्यक्तींची आणि स्थळांची नावे मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) रूढ असलेल्या वळणाने दिली आहेत.

हा उपदेश कोठे आहे आणि त्यात काय सांगितले आहे?

‘१ राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या ९ वचनांत तो आहे. आरंभी दावीद आपला अंत जवळ आल्याचे सांगतो, मुलाला हिंमत धरायला आणि मर्दासारखे वागायला सांगतो, आणि मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेले परमेश्वराचे विधी, आज्ञा व निर्णय पाळण्याची ताकीद देतो. त्यानंतर तीन सूचना येतात. सेनापती यवाब याचे पिकलेले केस सुखाने अधोलोकी जाऊ देऊ नकोस, ही पहिली; गिलादी बर्जिल्लय याच्या मुलांना तुझ्या पंक्तीला जेवू दे, ही दुसरी; आणि मला शिव्याशाप देणाऱ्या शिमीचे पिकलेले केस रक्ताने माखून अधोलोकी पाठव, ही तिसरी. यानंतर लगेच दावीदाचा मृत्यू, दावीदनगरात दफन आणि ४० वर्षांच्या राज्याचा हिशेब येतो : हेब्रोनात ७ वर्षे, यरुशलेमात ३३.

त्या वेळी दरबारात काय चालले होते?

वारसाहक्काचा तंटा नुकताच मिटला होता, आणि तोही वरवरच. दावीद इतका थकला होता की कितीही पांघरुणे घातली तरी त्याच्या अंगात ऊब येत नसे, आणि त्याच्या सेवेसाठी अबीशग नावाची शुनेमची तरुणी आणून ठेवली होती. हयात पुत्रांत वडील ठरणाऱ्या अदोनीयाने एन-रोगेल झऱ्यापाशी मेजवानी देऊन स्वतःला राजा म्हणवून घेतले. सेनापती यवाब आणि याजक अब्याथार त्याच्या बाजूला होते. इकडे नाथान संदेष्टा आणि शलमोनाची आई बथशेबा यांनी वृद्ध राजाला त्याच्या जुन्या शपथेची आठवण करून दिली, आणि त्याच दिवशी गीहोन झऱ्यावर सादोक याजकाने शलमोनाला अभिषेक केला. म्हणजे उपदेश ऐकणारा शलमोन आधीच गादीवर बसलेला आहे, पण ज्या सेनापतीने त्याच्या विरोधकाला साथ दिली तो अजून मोकळा आहे. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली नाही, तर यवाबाविषयीची सूचना केवळ म्हाताऱ्याचा जुना राग वाटते.

गादीविषयीचे देवाचे वचन सशर्त आहे की बिनशर्त?

या उताऱ्यात ते सशर्त आहे. तुझे वंशज सत्याने आणि जिवेभावे माझ्यासमोर चालतील, तर इस्राएलच्या गादीवर तुझ्या वंशातला पुरुष खुंटणार नाही, असे परमेश्वराने आपल्याला सांगितल्याचे दावीद म्हणतो. मात्र २ शमुवेल ७ मध्ये नाथानामार्फत मिळालेले मूळ वचन वेगळे आहे. तेथे पुत्राने अपराध केला तर त्याला शासन होईल, परंतु आधीचा राजा शौल याच्यावरून काढून घेतली तशी कृपा त्याच्यावरून काढून घेतली जाणार नाही, असे म्हटले आहे. दावीद आपल्या मुलाला वचन सांगताना त्याला ‘जर’ जोडून सांगतो, हे ध्यानात ठेवावे.

पुढच्या इतिहासात दोन्ही रूपे खरी ठरतात, असे राजे ग्रंथाच्या कर्त्याला दाखवायचे आहे. शलमोनाच्या पश्चात त्याचा मुलगा रहबाम याच्या काळात दहा वंश फुटून निघाले, आणि तरीही यहूदाच्या गादीवर दावीदाचेच घराणे राहिले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडले तेव्हा तीही गादी संपली. ग्रंथाच्या अगदी शेवटी दावीदवंशातील यहोयाखीन हा कैदेतून सुटून बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवताना दिसतो.

यवाबाने आयुष्यभर दावीदाची सेवा केली. मग त्याला मृत्यू का?

यवाब हा दावीदाची बहीण सरूवा हिचा मुलगा, म्हणजे राजाचा सख्खा भाचा. दावीदाने जाहीर केलेला आरोप दोन खुनांचा आहे. शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर याने लढाईत, आणि तेही माघारी फिरण्याविषयी वारंवार बजावल्यानंतर, यवाबाचा भाऊ असाएल याला मारले होते. पुढे अबनेर दावीदाशी समेट करून सुखरूप परतत असताना यवाबाने त्याला निरोप धाडून माघारी बोलावले, हेब्रोनच्या वेशीत एकांतात बोलायचे आहे असे भासवून बाजूला घेतले आणि त्याच्या पोटात वार केला. दुसरा बळी अमासा. दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडानंतर दावीदाने यवाबाला दूर करून याच अमासाला सेनापतिपद देऊ केले होते. गिबोनातील मोठ्या शिळेजवळ दोघांची गाठ पडली. ‘भाऊ, बरा आहेस ना?’ असे विचारत यवाबाने चुंबन घेण्यासाठी उजव्या हाताने त्याची दाढी धरली. डाव्या हातातल्या तलवारीकडे अमासाचे लक्षच गेले नाही.

म्हणून दावीद म्हणतो की यवाबाने युद्धाचे रक्त शांततेच्या काळात सांडले आणि ते आपल्या कमरेच्या पट्ट्याला व पायांतल्या जोड्यांना लावले. जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही हस्तलिखितांत मात्र तो पट्टा आणि ते जोडे यवाबाचे नसून बोलणाऱ्याचे, म्हणजे दावीदाचेच आहेत. हा पाठ मूळचा असो वा नसो, त्यात तथ्य आहे. दोन्ही खून राजाच्या सेनापतीने केले होते, दोन्हींमुळे राजावरच संशयाचे बोट रोखले गेले होते, आणि पुढे शलमोनही आपला सरदार बनाया याला यवाबाच्या वधाची आज्ञा देताना स्पष्ट सांगतो की हे विनाकारण सांडलेले रक्त माझ्यावरून आणि माझ्या बापाच्या घराण्यावरून दूर व्हावे.

तेव्हा आरोप खरा आहे, हे मान्य करावेच लागते. प्रश्न विलंबाचा आहे. अबनेराच्या खुनानंतर दावीदाने उपास केला, तिरडीमागून चालला, यवाबाच्या घराण्याला शाप दिला आणि जवळच्यांना म्हणाला की मी अभिषिक्त राजा असूनही आज दुबळा आहे, हे सरूवेचे पुत्र मला भारी आहेत. तो दुबळेपणा मरेपर्यंत सरला नाही. जे काम स्वतःच्या हयातीत राजा म्हणून करायला हवे होते, ते त्याने मुलाच्या पहिल्या कामांच्या यादीत घातले.

या यादीत अबशालोमाच्या वधाचा उल्लेख का नाही?

दावीदाने ‘अबशालोमाला जपा’ अशी सर्वांदेखत ताकीद दिली असताना यवाबाने झाडाला लोंबकळणाऱ्या राजपुत्राच्या छातीत तीन भाले खुपसले. बापाच्या मनात हा घाव सर्वांत खोल असणार, हे उघड आहे. तरीही त्याचा उच्चार नाही, कारण अबशालोम बंडखोर होता आणि बंडखोराचा रणांगणावरील मृत्यू हा खुनाच्या आरोपाचा आधार होऊ शकत नाही. उरीया हित्तीचेही नाव नाही. बथशेबेच्या पहिल्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवण्याचे पत्र दावीदाने यवाबालाच लिहिले होते. ते गुपित ठाऊक असलेला हा माणूस नव्या राजाच्या आईच्या दृष्टीनेही अडचणीचाच होता. तिसरे न उच्चारलेले नाव अदोनीयाचे. गादीवर हक्क सांगणाऱ्या सख्ख्या मुलाविषयी बाप एक अक्षरही बोलत नाही, आणि या उताऱ्यातले मौन त्यातील शब्दांइतकेच बारकाईने वाचावे, असे मला वाटते ते यामुळेच.

बर्जिल्लय कोण होता?

तो यार्देन नदीपलीकडच्या गिलाद प्रांतातील रोगलीम गावचा ८० वर्षांचा श्रीमंत गृहस्थ. अबशालोमापासून पळ काढून दावीद महनाइम येथे पोहोचला, तेव्हा बर्जिल्लय आणि आणखी दोघांनी त्याच्या थकल्याभागल्या लोकांसाठी अंथरुणे, भांडी, गहू, जव, पीठ, हुरडा, शेंगा, मसूर, मध, लोणी, मेंढरे आणि गाईच्या दुधाचे पनीर आणून दिले. इतका तपशील हिब्रू कथनात सहसा मिळत नाही, आणि या यादीमुळे उपकार मोजता येण्यासारखा होतो. विजयानंतर दावीदाने त्याला यरुशलेमास राहायला बोलावले. म्हाताऱ्याने नम्रपणे नकार दिला : मला आता खाण्यापिण्याची चव कळत नाही, गाणारे आणि गाणाऱ्या ऐकू येत नाहीत, मी धन्याला भार कशाला होऊ, मला माझ्या गावी आईबापांच्या कबरीजवळ मरू द्या. आपल्याऐवजी त्याने किम्हामाला पाठवले. यिर्मयाच्या ग्रंथात बेथलेहेमाजवळच्या एका मुक्कामाला किम्हामाचे नाव आहे. तेव्हा या घराण्याला तेथे जमीन मिळाली असावी, असा तर्क केला जातो.

दोन मृत्यूंच्या आज्ञांमध्ये ही एकच कृतज्ञतेची सूचना आहे. राजाच्या पंक्तीला बसण्याचा अर्थ राजाच्या खर्चाने कायमचा निर्वाह असा होतो, त्यामुळे ती केवळ जेवणाची गोष्ट समजू नये.

दावीदाने शिमीला क्षमा केली होती ना? मग ही सूचना शपथभंग नाही का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही.

गेराचा पुत्र शिमी हा बहूरीमचा, शौलाच्या बन्यामीन वंशातला. राजा पळून जात असताना तो डोंगराच्या कडेने समांतर चालत दगड मारत होता, धूळ उधळत होता आणि ‘अरे खुनी माणसा, चालता हो’ असे ओरडत होता. यवाबाचा भाऊ अबीशय त्याचे डोके उडवायला निघाला, तेव्हा दावीदाने त्याला थांबवले. परमेश्वरानेच त्याला शाप द्यायला सांगितले असेल, माझा पोटचा मुलगा माझा जीव घ्यायला टपला आहे तर या बन्यामिन्याचे काय, असे तो म्हणाला. दावीदाच्या चरित्रातील हा फार मोठा क्षण आहे, आणि म्हणूनच पुढची सूचना वाचकाला बोचते. बंड मोडल्यावर शिमी १,००० बन्यामिन्यांना घेऊन यार्देनेवर हजर झाला, पाया पडला, आणि राजाने ‘तू मरणार नाहीस’ अशी त्याला शपथ दिली. शलमोनाला तीच गोष्ट सांगताना दावीद शपथेचे शब्द ‘मी तुला तलवारीने मारणार नाही’ असे देतो. मी मारणार नाही. माझ्या मुलाने काय करावे, याला शपथेत जागा उरते.

समर्थकांचे म्हणणे असे, की लोकांच्या अधिपतीला शाप देणे नियमशास्त्राने निषिद्ध होते, दावीदाची क्षमा त्या दिवसापुरती राजकीय गरज होती, आणि बन्यामीन वंशातून बंडाचा धोका खरा होता. शिमीची क्षमायाचना संपते न संपते तोच बिक्रीचा पुत्र शबा या दुसऱ्या बन्यामिन्याने बंडाचे शिंग फुंकले. हे सारे खरे आहे. तरीही यवाबाचा आणि शिमीचा खटला एका मापाने मोजता येत नाही. यवाबाच्या हातून दोन माणसे मेली होती, शिमीच्या हातून एकही नाही. परमेश्वराच्या नावाने दिलेले अभय शब्दांच्या कसरतीने निष्फळ करणे हे दावीदाच्या अखेरच्या कृतीतील उणेच आहे, असे माझे मत आहे. कथनकार त्याचे समर्थन करत नाही आणि त्याला दोषही देत नाही.

शलमोनाने हा उपदेश कसा अमलात आणला?

दावीदाने काय करायचे ते सांगितले होते. कसे करायचे ते मुलाच्या शहाणपणावर सोडले होते. सुरुवात झाली ती उपदेशात नसलेल्या अदोनीयापासून. त्याने बथशेबेच्या मध्यस्थीने अबीशगशी लग्न करण्याची परवानगी मागितली. दिवंगत राजाच्या स्त्रीवर हक्क म्हणजे गादीवर हक्क, असे समजून शलमोनाने त्याच दिवशी बनायाकडून त्याचा वध करवला. दावीदाबरोबर हालअपेष्टा सोसलेल्या आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, वाहिलेल्या अब्याथाराला जीवदान मिळाले, परंतु याजकपद काढून घेऊन त्याला अनाथोथ येथे त्याच्या शेतावर धाडण्यात आले.

ही बातमी ऐकताच यवाब परमेश्वराच्या मंडपाकडे पळाला आणि त्याने आश्रयासाठी वेदीची शिंगे, म्हणजे तिच्या कोपऱ्यांवरची टोके, धरली. बनाया बाहेर ये म्हणाला; ‘नाही, मी येथेच मरेन,’ असे उत्तर आले. बनाया कचरला आणि राजाकडे परत विचारायला गेला. शलमोनाने त्याच्या म्हणण्याप्रमाणेच कर, असा हुकूम दिला. निर्गम ग्रंथातील नियमानुसार कपटाने खून करणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यायची मुभा होती, त्यामुळे कायद्याची बाजू येथे राजाकडे होती. यवाबाला रानातल्या त्याच्या घरी पुरले.

शिमीच्या बाबतीत शलमोनाने वाट पाहिली. यरुशलेमात घर बांधून राहा, कोठेही बाहेर जाऊ नकोस, किद्रोन ओहोळ ओलांडलास त्या दिवशी मेलास म्हणून समज, अशी अट त्याने घातली. बहूरीम किद्रोनच्या पलीकडे होते. शिमीला त्याच्या भाऊबंदांपासून तोडणे हा अटीचा हेतू दिसतो. तीन वर्षांनी त्याचे दोन दास गथच्या आखीश राजाकडे पळाले, आणि शिमी गाढवावर खोगीर घालून त्यांना परत आणायला गेला. गथ पश्चिमेला, पलिष्ट्यांच्या मुलखात. तिकडे जाताना पूर्वेचा किद्रोन ओलांडावाच लागत नाही. जाब विचारताना शलमोन किद्रोनचे नाव घेत नाही, ‘कोठेही’ एवढेच म्हणतो, आणि मी तुला परमेश्वराची शपथ घातली होती असे सांगतो. हिब्रू पाठात आधीच्या प्रसंगी त्या शपथेचा उल्लेख नाही, ग्रीक भाषांतरात मात्र आहे. शपथेतली फट शोधण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आलेली दिसते.

हा उपदेश दावीदाचाच आहे की नंतर रचलेला?

अभ्यासकांत एकमत नाही. नियमशास्त्र पाळण्याविषयीच्या दोन वचनांची भाषा मोशेच्या नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या शैलीशी इतकी जुळते, की ती नंतरच्या संपादकाने घातली असावीत असे पुष्कळांना वाटते. मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने १९४३ मध्ये अनुवादापासून राजे ग्रंथापर्यंतचा सलग इतिहास एका लेखणीतून उतरल्याचे मांडले, तेव्हापासून या मताला बळ आले. त्याआधी १९२६ मध्ये लेओनहार्ट रोस्ट याने २ शमुवेलाचा उत्तरार्ध आणि १ राजेचे पहिले दोन अध्याय मिळून वारसाहक्काची एक स्वतंत्र कथा होते, असे दाखवले होते. याहून कडक मत असे, की यवाब आणि शिमी यांना शलमोनाने आपल्या सोयीसाठी संपवले, आणि त्याचा ठपका नव्या राजावर येऊ नये म्हणून ती आज्ञा मरणाऱ्या बापाच्या तोंडी घातली गेली. हे मत सिद्ध करता येत नाही. मात्र केवळ राजाची प्रतिमा उजळ करायची असती, तर कोणत्याही दरबारी लेखकाने शिमीला दिलेली शपथ खुद्द दावीदाच्या तोंडून पुन्हा वदवली नसती, एवढे म्हणता येते.

दावीदाच्या मृत्यूचा काळ साधारणपणे इ. स. पू. ९७० च्या सुमाराचा मानतात. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलातील तेल दान येथे सापडलेल्या इ. स. पू. नवव्या शतकातील अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख आहे, असे बहुतेक तज्ज्ञ वाचतात. घराण्याच्या अस्तित्वाला त्याने दुजोरा मिळतो. या संभाषणाला नाही.

‘१ इतिहास’ या ग्रंथातला उपदेश वेगळा का आहे?

तेथे यवाब नाही, शिमी नाही, थरथरणारा म्हाताराही नाही. दावीद सर्व सरदारांना यरुशलेमात जमवून त्यांच्यादेखत शलमोनाला सांगतो, की आपल्या बापाच्या देवाला ओळख, पूर्ण मनाने त्याची सेवा कर. त्याला शोधशील तर तो सापडेल, सोडशील तर तो तुला कायमचा टाकील. मग मंदिराचा आराखडा हवाली होतो : देवडी, भांडारे, माडीवरच्या खोल्या, आणि दीपवृक्षांसाठी लागणाऱ्या सोन्याचांदीचे वजनसुद्धा. हा ग्रंथ बाबेलमधील बंदिवासानंतरच्या काळात, मंदिर हाच समाजाचा कणा झालेला असताना लिहिला गेला, आणि त्याच्या कर्त्याला दावीद मंदिराचा संकल्पक म्हणून हवा होता. मी रक्त सांडले म्हणून मला मंदिर बांधू दिले नाही, असे दावीद येथे स्वतःच सांगतो, एवढाच काय तो दुसऱ्या बाजूचा धागा उरतो.

२ शमुवेल २३ मधील ‘दावीदाची अखेरची वचने’ म्हणजे हीच का?

नाही. ती एक स्वतंत्र कविता आहे. न्यायाने राज्य करणारा राजा निरभ्र पहाटेच्या सूर्यप्रकाशासारखा असतो, असे तीत म्हटले आहे. अधम लोक मात्र हाताने न धरता येणाऱ्या काट्यांसारखे असतात, त्यांना लोखंडानेच हात लावावा लागतो. सूर वेगळा असला तरी काट्यांची ही उपमा यवाबाच्या प्रकरणापासून फार दूर नाही.

यहुदी परंपरेत हा उतारा केव्हा वाचतात आणि त्याविषयी काय म्हटले आहे?

इस्राएल लोकांचा पूर्वज याकोब याच्या मृत्यूचा उत्पत्ती ग्रंथातील पाठ ज्या शब्बाथला (साप्ताहिक पवित्र दिवशी) वाचला जातो, त्याच दिवशी संदेष्ट्यांच्या वाचनात १ राजे २ मधील पहिली १२ वचने येतात. मुलांना भोवती जमवून प्रत्येकाविषयी बोलणारा याकोब आणि एकाच मुलाला हिशेब सांगणारा दावीद असे दोन मृत्यू त्यामुळे शेजारी शेजारी ऐकू येतात. कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजालाही हा क्रम परिचित आहे. या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत शास्त्रातल्या अशा कथा मराठी कीर्तनांतून गायला सुरुवात केली.

ताल्मुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातील गुरूंनाही या प्रकरणाने स्वस्थ बसू दिले नाही. दावीदाने यवाबाच्या घराण्याला दिलेले शाप अखेर दावीदाच्याच वंशजांवर उतरले, असे एके ठिकाणी म्हटले आहे. दुसरीकडे शिमीला शलमोनाचा शिक्षक मानले आहे : गुरू जिवंत होता तोवर शिष्याने मिसरचा राजा फारो याच्या मुलीशी लग्न केले नाही. शिमीच्या मृत्यूनंतर लगेच, पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, ते लग्न येते, हे या मताला निमित्त झाले.

हे सर्व मुळातून वाचायचे असेल तर क्रम कोणता ठेवावा?

प्रथम २ शमुवेल ३ आणि ११ वाचावे, म्हणजे अबनेर आणि उरीया यांची प्रकरणे कळतील. मग १५ ते २० हे अध्याय एका बैठकीत वाचावेत, कारण बर्जिल्लय, शिमी आणि अमासा तिघेही त्याच प्रवासात भेटतात. त्यानंतर १ राजे १ व २, आणि सर्वांत शेवटी १ इतिहास २८ व २९. उलट क्रमाने वाचणाऱ्यांना ‘इतिहास’ ग्रंथातला सोज्वळ दावीद आधी भेटतो आणि राजे ग्रंथातला दावीद मग परका वाटू लागतो.